झाकली मूठ एका वर्षाची

बे एरियातल्या मराठी पालकांना,

स. न. वि. वि.

मागच्या जूनमध्ये आपल्या एका कार्यक्रमात हायस्कूल संपवलेल्या मुलांचा गुणगौरव झाला. निवेदक एकेका मुलाचं नाव वाचत होता आणि पाठोपाठ तो कुठल्या कॉलेजला चाललाय तेही. बर्कली, टाळ्या. सॅन डिएगो, टाळ्या. पर्ड्यू, टाळ्या. मग एका मुलाचं नाव आलं, निवेदकाने कागदाकडे पाहिलं, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "पुढील वाटचालीस शुभेच्छा." मुलगा आला, पुष्पगुच्छ घेतला, मान खाली घालून गेला. टाळ्या त्यालाही मिळाल्या, पण त्या कशा असतात ते आपल्याला माहीत आहे.

गुणगौरवासाठी भरून दिलेल्या त्याच्या फॉर्मवरचा कॉलेजचा रकाना रिकामा होता. का रिकामा असतो ते मी सांगू शकतो, कारण काही वर्षांपूर्वी आमच्या धाकट्याच्या फॉर्मवरचा तोच रकाना मी स्वतः रिकामा सोडला होता. मुलगा कम्युनिटी कॉलेजला जाणार होता. तिथे दोन वर्षं करून मग युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला. ठरलं होतं, पटलंही होतं. फक्त लिहवत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात कुणाकडे पॉटलकला गेलं की पहिला प्रश्न यायचा, "मग, कुठे?" सुरुवातीला आम्ही "अजून बघतोय" म्हणायचो. नंतर बायकोने एक वाक्य तयार केलं, "इथेच आहे जवळ, इंजिनिअरिंगचं करतोय." यातला एकही शब्द खोटा नाही. मुलगा शेजारी उभा राहून ते वाक्य ऐकायचा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेनंतर त्याने आमच्याबरोबर येणंच बंद केलं. आम्हाला वाटलं, वय आहे.

यातली गंमत अशी की मी स्वतः डिप्लोमावाला आहे. दहावीनंतर सोलापूरला पॉलिटेक्निक, सिव्हिल. तीन वर्षांनी डायरेक्ट सेकंड इयरला सांगलीत. वर्गात बारावी सायन्स करून आलेली पोरं आम्हा चौघा-पाच जणांना "ए डिप्लोमा" म्हणून हाक मारायची. तेव्हा राग यायचा. सर्व्हेचं प्रॅक्टिकल आलं की तीच पोरं थिओडोलाइट लावून घ्यायला आमच्याकडे यायची, मग राग जायचा. आज माझ्या डिग्रीच्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही की हा मनुष्य दुसऱ्या वर्षाला मागच्या दाराने आत आला. आणि ते दार मागचं नव्हतंच. सरकारने रीतसर ठेवलेलं दार होतं.

हे सगळं स्वतः भोगून झालेला माणूस इथे येऊन आपल्याच पोराचा रकाना रिकामा सोडतो, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

इथलंही ते दार रीतसर ठेवलेलं आहे. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला. क्लार्क कर तेव्हा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे, म्हणजे यूसीचे, अध्यक्ष होते. हायस्कूलमधले वरचे साडेबारा टक्के यूसीत, वरचे एक तृतीयांश कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना, अशी ती वाटणी. आपल्या डोक्यात एवढंच बसलं आणि आपण त्याची उतरंड केली. पण त्याच योजनेत असंही होतं की युनिव्हर्सिट्यांनी पहिल्या-दुसऱ्या वर्षापेक्षा वरच्या वर्गांत जास्त जागा ठेवायच्या, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्यांना तिसऱ्या वर्षाला जागा राहील. आजही पहिल्या वर्षाला येणाऱ्या दोन फ्रेशमनमागे तिसऱ्या वर्षाला येणारा एक ट्रान्सफर घ्यायचा, असं यूसीचं धोरण आहे. आणि ट्रान्सफरमध्ये पहिला मान कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजातल्या मुलांना. "आधी ॲरिझोनाला जाऊ दे, आवडलं नाही तर दोन वर्षांनी बर्कलीला बघू," असं म्हणणारे पालक मला दरवर्षी भेटतात. त्यांना हे सांगावं लागतं की त्या रांगेत तुमच्या मुलाच्या आधी कपर्टिनोच्या डी ॲन्झाचा आणि फ्रीमॉन्टच्या ओलोनीचा मुलगा उभा असतो. आणि ज्या ॲपलमुळे आपल्यातल्या निम्म्यांची घरं चालतात तिचा एक संस्थापक, स्टीव्ह वॉझनियॅक, डी ॲन्झात शिकून मग बर्कलीला गेला होता. त्याच्या आईने पॉटलकला काय सांगितलं असेल कोण जाणे.

पैशांचं मी थोडक्यात सांगतो, कारण हिशेब आपल्याला शिकवावा लागत नाही. इथल्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात सेमिस्टरच्या एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ४६ डॉलर पडतात. २०१२ पासून हाच दर आहे. क्वार्टर पद्धतीच्या, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोटी सत्रं असलेल्या, कॉलेजात ३१ डॉलर. वर्षाची ३० सेमिस्टर युनिट धरली तर १,३८० डॉलर, वर थोडी किरकोळ फी. यूसीत तेच वर्ष नुसत्या फीचं साधारण १५ हजारांचं आणि राहणं-खाणं वेगळं. कॅल्क्युलस दोन्हीकडे तेच. कम्युनिटी कॉलेजात शिकवायला प्राध्यापक असतो, टीए म्हणजे शिकवायला ठेवलेला विद्यार्थी नसतो, आणि वर्गात तीस-चाळीस मुलं असतात, हेही हिशेबात धरा.

पण हे पत्र मी स्वस्ताईचं कौतुक करायला लिहीत नाही. आमचं जे नुकसान झालं ते सांगायला लिहितो आहे.

मुलाने घराजवळच्या कॉलेजात फिजिक्सचा पहिला भाग केला. ते कॉलेज सेमिस्टरचं. दुसऱ्या भागाचा वर्ग भरला, म्हणून त्याने शेजारच्या कॉलेजात नाव घातलं, ते क्वार्टरचं. काउन्सेलरला विचारलं होतं. तिने दहा मिनिटांच्या भेटीत सांगितलं, फिजिक्स म्हणजे फिजिक्स, चालून जाईल. आम्हालाही ते पटलं. आपल्याकडे पुणे विद्यापीठाचं न्यूटन वेगळं आणि शिवाजीचं वेगळं असं थोडंच असतं!

असतं. सेमिस्टरवाल्या कॉलेजात इंजिनिअरिंगचं फिजिक्स तीन भागांत शिकवतात, क्वार्टरवाल्यात तेच चार भागांत. युनिव्हर्सिटी म्हणते, आमच्या फिजिक्सच्या बदल्यात एक तर या कॉलेजचे तिन्ही भाग आणा, नाहीतर त्या कॉलेजचे चारही. अर्धं इथलं, अर्धं तिथलं चालत नाही, कारण कुठला धडा कुठल्या भागात येतो ते दोन्हीकडे सारखं नसतं. आमच्या मुलाचा काही भाग दोनदा झाला आणि काही एकदाही झाला नाही. आम्हाला हे कळलं दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात, अर्ज भरायला बसल्यावर. मालिका पुन्हा एका कॉलेजात नीट लावायची, एक भाग झाल्याशिवाय पुढचा घेता येत नाही, आणि ज्या फॉलला युनिव्हर्सिटीत जायचं त्याच्या आधीच्या स्प्रिंगपर्यंत हे सगळं संपलेलं हवं. गणित बसेना. वर्ष गेलं.

आता पुढचं ऐका. त्याच वर्षी एका घरच्या गणपतीला आम्ही गेलो होतो. स्वयंपाकघरात पानं वाढायची चालली होती. ज्यांची मुलगी सॅन डिएगोला शिकते त्या वहिनी बायकोच्या शेजारी उभ्या होत्या. मुलगी हायस्कूलमधूनच तिकडे गेली असा आमचा समज होता, कारण तसंच सगळे म्हणत होते. बायकोला त्या दिवशी काय झालं माहीत नाही, तिने ताटात कोशिंबीर वाढता वाढता सगळं सांगून टाकलं. फिजिक्स, वर्ष, सगळं. वहिनी हळूच म्हणाल्या, "आमचीही दोन वर्षं कम्युनिटीलाच होती. हेच होणार होतं तिचं, पण तिला वेळेवर कुणीतरी सांगितलं. तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं."

बायको म्हणाली, "तुम्ही सांगितलं असतंत तर आम्ही विचारलं असतं."

दोघी हसल्या म्हणे. मी बाहेर आरतीला टाळ वाजवत होतो. गाडीत बसल्यावर तिने मला हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं नाही. आठ वर्षं त्या कुटुंबाबरोबर आम्ही दिवाळी करतोय. त्यांच्याजवळ नेमकी ती माहिती होती जी आम्हाला हवी होती, आणि दोन्ही घरांनी एकमेकांपासून ती एकाच कारणासाठी लपवली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची एका वर्षाची निघाली.

ज्यांच्या मुलांचं नागरिकत्व झालंय त्यांच्यासाठी एक वर्ष म्हणजे एक वर्षच. पण आपल्यात अजूनही कितीतरी घरं ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत. एच-४ वरच्या, म्हणजे आई-बापाच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधाराने राहणाऱ्या, मुलाला एकविसाव्या वाढदिवसाला तो दर्जा सोडावा लागतो. अशा घरात वाया गेलेल्या वर्षाची किंमत फीच्या पावतीवर दिसत नाही. त्या पालकांनी तर तोंड उघडायलाच हवं.

म्हणून जे आम्हाला उशिरा कळलं ते इथे लिहून ठेवतो. सगळं नाही, जे चुकतं तेवढंच.

पहिली गोष्ट असिस्ट. ही राज्याची अधिकृत वेबसाइट आहे. तिथे तुमचं कॉलेज, हवी ती यूसी किंवा स्टेट युनिव्हर्सिटी आणि विषय निवडला की तुमच्या कोर्सच्या बदल्यात तिकडचा कुठला कोर्स मिळतो ते समोरासमोर छापून येतं. काउन्सेलर चांगले असतात, पण एकेकाच्या माथी शेकडो मुलं असतात. आपण डॉक्टरकडे जाताना रिपोर्ट घेऊन जातो तसं काउन्सेलरकडे असिस्टचा कागद घेऊन जायचं. पहिल्या सेमिस्टरच्या आधी, दुसऱ्या वर्षी नाही. आणि एकाच युनिव्हर्सिटीचा कागद काढून थांबू नका. बर्कलीला चालतं ते डेव्हिसला पुरेल असं नसतं, आणि सॅन होजे स्टेटचं तिसरंच काहीतरी असतं.

दुसरी टॅग. म्हणजे हमी. ठरावीक कोर्स, ठरावीक जीपीए, साठ सेमिस्टर युनिट किंवा नव्वद क्वार्टर युनिट, एवढं पुरं केलं तर यूसीचे सहा कॅम्पस प्रवेशाची लेखी हमी देतात. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. टॅग एकाच कॅम्पसचा भरता येतो आणि तो सप्टेंबरात भरायचा असतो. मुख्य अर्ज त्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. टॅग भरला म्हणून तो अर्ज सोडायचा नाही, आणि जानेवारीत शेवटचे मार्क कळवायचे असतात तेही विसरायचं नाही. आमच्या ओळखीतल्या एका मुलाची हमी त्या जानेवारीच्या फॉर्मपायी गेली. कम्प्युटर सायन्सवाल्यांनी विशेष जपावं. या गर्दीच्या विषयाला काही कॅम्पस टॅग लागू करत नाहीत, आणि आपल्याकडे तर दुसरा विषयच नसतो.

तिसरी गोष्ट थोडी उलटी वाटेल. सगळे सांगतात, आधी जनरल एज्युकेशन उरकून घ्या. इतिहास, इंग्रजी, एखादी कला. २०२५ च्या फॉलपासून यूसी आणि स्टेट युनिव्हर्सिटी दोघांसाठी मिळून एकच यादी झाली आहे, कॅल-गेटसी, आणि ते खरोखर चांगलं झालं. पूर्वी दोन याद्या होत्या आणि मुलं भलतीच यादी धरून बसायची. पण मुलाला इंजिनिअरिंग किंवा फिजिक्सकडे जायचं असेल तर आधी गणित आणि विज्ञानाच्या मालिका लावून घ्या. त्या साखळीने येतात आणि एक कडी चुकली की सेमिस्टर जातं. इतिहास कुठेही बसतो.

स्टेट युनिव्हर्सिटीकडे जायचं असेल तर २०१० च्या कायद्याने आलेली ट्रान्सफरची असोसिएट डिग्री आहे. ती पुरी केली की स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत जागा नक्की, आणि पुढे साठ युनिटांत बॅचलर पुरी व्हावी अशी सोय. जागा नक्की म्हणजे सॅन होजेतच नक्की असं मात्र नाही, हे वाक्य नीट वाचा. लोक तिथेच फसतात.

आता दुसरी बाजू. हे पत्र वाचून कुणी "अरे, मग सोपंच आहे की" म्हणायला नको. साऱ्या अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात पाऊल टाकणाऱ्या शंभर मुलांपैकी साधारण सोळाच सहा वर्षांत बॅचलर पुरी करतात, आणि बॅचलर करायचीच असं म्हणत येणारी मुलं मात्र ऐंशीच्या आसपास असतात. सरकारच्याच जीएओ या हिशेबतपासणी खात्याने २०१७ साली सांगितलं की कॉलेज बदलणाऱ्या मुलांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स नव्या ठिकाणी धरली जात नाहीत. त्या सोळांत न आलेली सगळी मुलं कमी हुशार नसतात. बरीचशी नोकरी करत शिकत असतात, बऱ्याच जणांना असिस्टचा कागद कुणी दाखवलेला नसतो. आपली मुलं घरी राहतात, जेवायला गरम मिळतं, गाडी असते. त्यांना एवढंच कमी पडतं की घरातलं कुणी मोकळेपणाने विचारत नाही.

आणि तिकडे पोचल्यावर एक धक्का बसतो, तोही सांगून ठेवतो. आमचा डेव्हिसला सिव्हिलला लागला. (घराण्याचा धंदा म्हणा.) तिथे दहा आठवड्यांचे क्वार्टर. चौथ्या आठवड्यात मिडटर्म. बाकीची मुलं दोन वर्षं तिथेच राहिलेली, त्यांचे अभ्यासाचे गट ठरलेले, कुठला प्रोफेसर कसा त्यांना पाठ. हा नवा, आणि थेट तिसऱ्या वर्षाच्या कोर्सला. पहिल्या मिडटर्मनंतर त्याचा रात्री फोन आला. मी त्याला माझ्या एम-थ्रीची गोष्ट सांगितली. डिप्लोमाची पोरं एम-वन, एम-टू न करता थेट तिसऱ्या सेमिस्टरला गणित-तीनमध्ये पडायची, समोर लाप्लास, आणि निम्म्यांना केटी. मला लागली होती. ही गोष्ट मी त्याला आधी कधीच सांगितली नव्हती. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, हे आधी सांगायचं ना."

आता तो शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या डिग्रीवर डेव्हिसचं नाव असेल, बाकी कुणाच्याही डिग्रीवर असतं तसंच.

माझ्या मागण्या तीन आहेत आणि लहान आहेत. एक, गुणगौरवाच्या फॉर्मवर कॉलेजचा रकाना असू द्या, पण निवेदकाने जे लिहिलंय ते मोठ्याने वाचावं. डी ॲन्झा लिहिलं असेल तर डी ॲन्झा, मिशन असेल तर मिशन, फुटहिल असेल तर फुटहिल. बर्कली वाचतो त्याच आवाजात. आणि पालकांनी तो भरावा. दोन, दोन वर्षांनी जी मुलं ट्रान्सफर होऊन युनिव्हर्सिटीत जातात त्यांनाही त्याच व्यासपीठावर बोलवा. आज ती यादीतच नसतात, कारण आपली यादी फक्त हायस्कूल संपवणाऱ्यांची असते. ज्याने दोनदा प्रवेश मिळवला त्याला एकदाही पुष्पगुच्छ नाही. तीन, कॉलेज प्रवेशावर आपण दरवर्षी जे सत्र ठेवतो त्यात दोन तास निबंध आणि एपी यांवर जातात. त्यातला अर्धा तास ट्रान्सफरला द्या. बोलायला तज्ज्ञ नको. त्या वहिनींची मुलगी येईल म्हणाली आहे.

आणि ज्याचा रकाना मागच्या जूनमध्ये रिकामा होता त्या मुलाच्या आई-बाबांना एक निरोप. तुमचं नाव मी इथे लिहीत नाही आणि कुणाला सांगणारही नाही. रविवारी मराठी शाळा सुटेपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसलेला असतो, धाकट्या भाचीला घ्यायला. लॅपटॉप आणतो. त्याने फिजिक्स कुठल्या कॉलेजात घेतलंय तेवढं मला विचारायचंय. सप्टेंबरच्या आत या.

आपला,
एक डिप्लोमावाला बाप
सनीव्हेल